कोपऱ्यातला उंट

"सगळ्यात खालची ओळ वाचा."

"तिथे ओळ आहे?"

तिने हसू गिळलं आणि छोटा तक्ता त्याच्या हातातून परत घेतला. समोरच्या खुर्चीवर बसलेला माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा होता. इमारतीची लिफ्ट दोन दिवस बंद होती आणि हा दोन दिवस जिन्याच्या कोपऱ्यात तारांची भेंडोळी घेऊन बसलेला तिने येता-जाता पाहिला होता. आज जेवणाच्या सुट्टीत तो सरळ तिच्या चष्म्याच्या दुकानात शिरला होता. तारांचे रंग दिसतात, म्हणाला, पण त्यांच्यावरचे आकडे दिसत नाहीत. आणि चुकीची तार जोडली तर पाचव्या मजल्यावर जाणारा माणूस तळघरात उतरेल.

"चाळिशी लागलीय तुम्हाला," ती म्हणाली.

"अजून एकोणचाळीस पुरती व्हायचीत मला!"

"तुमचे डोळे जरा घाईत आहेत."

तो मोकळेपणाने हसला. मग खिशातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढून त्याने तिच्यापुढे धरलं. "एक काम करा ना. या खालच्या कोपऱ्यात उंट आहे की प्यादं, तेवढं सांगा."

तिने पाहिलं आणि नजर तिथेच अडकली. बुद्धिबळाचं कोडं होतं. पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात.

"उंट आहे."

"वाचलो!" त्याने निःश्वास टाकला.

पण ती आता तक्ता, चाळिशी, सगळं विसरली होती. "वजीर कोपऱ्यात," ती पुटपुटली. "मग काळ्याकडे काही उरत नाही."

"उरतं की. घोडा."

"कुठे?"

"इथे." त्याने बोट ठेवलं. नखं घासून घासून धुतलेली, तरी कडेला ग्रीसची बारीक रेघ राहिलेलीच. "सगळे तिथेच फसतात. मी मुद्दामच तशी सोय करून ठेवलीय."

"तुम्ही?"

"हो. छापणाऱ्यांनी उंटाचं प्यादं तर केलं नाही ना, तेवढंच बघायचं होतं." त्याने बोट खाली सरकवलं. चित्राखाली बारीक अक्षरांत रचनाकाराचं नाव होतं, आणि तेच नाव तिने पाच मिनिटांपूर्वी आपल्या हाताने दुकानाच्या पावतीवर लिहिलं होतं.

"उत्तर काय मग?"

"छे! ते कसं सांगणार?" तो उठला. "चष्मा कधी मिळेल?"

तिला बुद्धिबळ तिच्या बाबांनी शिकवलं, सहाव्या वर्षी. दुकानाच्या मागच्या खोलीत ते काचा घासायचे आणि शेजारच्या स्टुलावर पट मांडलेला असायचा. लाडाने 'राणी' म्हटलं की पोर फणकारायची. आपल्या पटावर राणी कुठे असते, वजीर असतो! तेव्हापासून बाबा तिला 'वजीर' म्हणायला लागले. आता ती पस्तिशीची होती. एकोणतीस वर्षांत तिने मिळतील तेवढ्या हौशी स्पर्धा खेळल्या होत्या आणि एकीतही पहिली आली नव्हती. कधी पाचवी, कधी अकरावी, एकदा तर शेवटून दुसरी. त्याचं तिला वाईट वाटायचं ते संध्याकाळपर्यंत. चाली लिहायचा कोरा नोंदकागद, नुकत्याच मांडलेल्या सोंगट्या, समोर एक अनोळखी माणूस आणि पुढचे तीन तास जगात दुसरं काही नाही... याच्यासारखं सुख तिला ठाऊक नव्हतं. लोक विचारायचे, "एवढं खेळून मिळतं काय?" ती म्हणायची, "पुढचा डाव."

त्या दिवशी मात्र तिने दोन गिऱ्हाइकांना एकच फ्रेम तीन-तीनदा दाखवली. दुसऱ्या दिवशी दुपारी एका आजोबांच्या डोळ्यांत औषध घालता घालता ती एकदम थांबली, "हात्तिच्या!" म्हणाली, आजोबांची माफी मागितली आणि पावतीवरचा नंबर फिरवला.

"चष्म्याच्या दुकानातून बोलतेय."

"झाला तयार?" आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमत होता.

"नाही. पांढरा राजा एक घर बाजूला सरकतो. शह नाही, मारामारी नाही. नुसता सरकतो. आणि काळा मेला."

पलीकडे पान्हा कशावर तरी खणकन आपटला.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय..." तो म्हणाला. "मी आत्ता चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लटकतोय हो. आणि तुम्ही असं काही सांगता."

"पट्टा बांधलाय ना?"

"बांधलाय. पण आता त्याचा भरवसा वाटेना."

ती हसली. फोन ठेवल्यावरही हसतच राहिली.

चष्मा न्यायला तो आला तेव्हा नवं कोडं घेऊन आला. मग चष्म्याची काडी सैल झाली. मग नाकावरची गादी टोचायला लागली. दर खेपेला खिशात एक घडी केलेला कागद. ती काउंटरवर कोपरं टेकून बघायची, तो फ्रेमा बघितल्यासारखं करत तिला बघायचा, आणि तिने मान वर केली की पटकन एखादी फ्रेम उचलायचा. एकदा घाईत त्याने बायकांची मांजरडोळी फ्रेम नाकावर चढवली.

"शोभते," ती गंभीरपणे म्हणाली.

"तुम्ही उत्तराचं बघा."

"बघितलं. दोन आहेत."

तो दचकला. कोड्याला उत्तर एकच असावं लागतं. दोन निघाली की कोडं बाद. तिने मागच्या खोलीतला पट आणून दुसरं उत्तर मांडून दाखवलं. तो पटावर वाकला. मग त्याने काळ्याचं एक प्यादं एक घर पुढे ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. भोक बुजलं होतं.

"चार महिने या कोड्यावर घालवले मी," तो म्हणाला. "आणि तुम्ही चहा निवायच्या आत..."

"राग आला?"

"आला. आणि..." त्याने कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "आणि रागाशिवायही काहीतरी आलं. ते नंतर सांगतो."

मागच्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "वजीर, आपली लिफ्ट पूर्वी एवढी बिघडत नव्हती, नाही का गं?"

ती लाल झाली. तो दारावर आपटला.

एकदा तिने विचारलं, "कोडी रचता, मग खेळत का नाही?"

"खेळायचो. पण समोरचा माणूस माझ्या मनासारखं खेळतच नाही."

"तीच तर गंमत आहे! पुढच्या महिन्यात वाचनालयात हौशी लोकांची स्पर्धा आहे. दोन दिवस, सहा डाव. या."

"तुमच्याशी गाठ पडली तर?"

"तर हराल," ती म्हणाली. बढाई नव्हती ती. काचेचा नंबर सांगावा तसं सांगितलं.

आणि गाठ पडली... ती नेमकी शेवटच्या डावात.

पाच डावांनंतर तिचे साडेचार गुण झाले होते. इतके तिला आयुष्यात कधी मिळाले नव्हते. त्याचेही साडेचार. पहिल्या पटावर दोघं समोरासमोर. जिंकेल त्याला चषक. खिडकीबाहेर बारीक पाऊस पडत होता, दिवे भर दुपारी लावले होते, आणि बाबा भिंतीलगतच्या बाकावर छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्याने नवा चष्मा पुसला, घातला, हात पुढे केला. तिने हात हातात घेतला. दोघांनीही तो नियमापेक्षा क्षणभर जास्तच धरला.

मग मात्र ती खेळायला लागली. तोही. दोन तासांत पटावर असं काही माजलं की आसपासचे आपले डाव आटपून मागे येऊन उभे राहिले. पांढरा घेऊन तो तिच्या राजावर चालून आला होता. वजीर, दोन्ही हत्ती, घोडा, सगळे एकाच बाजूला गोळा झाले होते. तिला श्वास पुरेना. आणि तेवढ्यात त्याने हत्ती उचलला आणि अलगद तिच्या राजापुढे नेऊन ठेवला.

ती बघतच राहिली. पटाच्या पार दुसऱ्या टोकाला, कोपऱ्यात, तिचा उंट होता. त्या उंटाला हत्ती फुकट मिळत होता. अगदी फुकट.

तिने मान वर केली. तो खिडकीकडे बघत किंचित हसत होता.

तिने उंटाने हत्ती मारला. तो पटाकडे वळला, क्षणभर थांबला, आणि खुदकन हसला. पुढे चार चाली उगाच खेळून त्याने हात पुढे केला. "अभिनंदन."

मागे कुणीतरी म्हणालं, "माणूस दिलदार हो!" आणि दोघं-तिघं हसले.

ते हसणं तिच्या कानात उकळतं तेल पडावं तसं पडलं. एकोणतीस वर्षं वाट पाहिलेला चषक... आणि तो कुणीतरी प्रेमाने, लाडाने, लहान मुलीच्या हातावर गोळी ठेवावी तसा दिला! ती व्हरांड्यात गेली. तो मागोमाग आलाच.

"का केलंत असं?"

"काय?"

"हत्ती. मुद्दाम दिलात."

"मुद्दाम? अहो, मला उंट दिसला नाही!"

"तुम्हाला? तीन-तीन चालींची कोडी रचणाऱ्याला?"

"नाही दिसला. शपथ."

"मग हसलात कशाला?"

"स्वतःवर हसलो! रडायला हवं होतं का?"

"लोक खोटं बोलतात अशा वेळी."

"कशा वेळी?"

तिने तोंड फिरवलं. पाऊस कठड्यावर टपटपत होता. "मी चषक घेणार नाही," ती म्हणाली. "पंचांना सांगते, असला डाव मला नको."

"नका घेऊ. पण त्याआधी एकदा डाव बघा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच दुखावल्यासारखं काही होतं. "मला खोटारडा म्हणायचं तर पट बघून म्हणा."

शेजारच्या खोलीत एक रिकामा पट होता. तिने नोंदकागद समोर ठेवून डाव पुन्हा मांडला, त्या हत्तीच्या चालीपर्यंत. मग कोपऱ्यातला उंट उचलून खिडकीत ठेवला. नसताच हा, तर?

हत्ती प्याद्याने मारावाच लागतो. मग वजीर मोकळ्या झालेल्या ओळीत घुसतो. त्याला मारलं तर घोड्याचा शह. नाही मारलं तर दुसरा हत्ती. राजा इकडे पळाला, मेला. तिकडे पळाला, मेला. तिने निसटायच्या सात वाटा शोधल्या. सातही त्याने आधीच बंद केल्या होत्या. गेल्या सहा चाली तो हेच विणत होता, एकेक धागा, आणि शेवटी वजिराचाही बळी देऊन नुसत्या घोड्याने मात.

हे दान नव्हतं. हा माणूस तिला संपवायला निघाला होता. सगळं पणाला लावून, हातचं काही न राखता. आणि तो इतका रंगून गेला होता की लांबच्या कोपऱ्यातला उंट त्याला खरोखरच दिसला नव्हता.

ती व्हरांड्यात परत आली तेव्हा तो कठड्याला टेकून उभा होता. चष्म्यावर पावसाचे थेंब.

"तुम्हाला मला हरवायचं होतं," ती म्हणाली.

"जीव तोडून."

"वजिराचा बळी देऊन!"

"दिसला तुम्हाला?" त्याचा चेहरा उजळला. "सुंदर होता ना?"

"फार सुंदर होता." ती जवळ आली. "माझ्याविरुद्ध इतकं सुंदर आजवर कुणीच खेळलं नाही."

"मी ठरवलं होतं... मात झाली की विचारायचं. त्या दिवशी रागाशिवायही काहीतरी आलं म्हणालो होतो ना, ते." तो अडखळला. "पण हरल्यावर विचारणं बरं दिसत नाही. म्हणून... राहिलं."

"जिंकलं कोण?"

"तुम्ही."

"मग मीच विचारते." तिने त्याचा चष्मा काढला, आपल्या ओढणीने पुसला आणि परत त्याच्या नाकावर ठेवला. "माझ्याशी लग्न करशील?"

"हो."

"जरा विचार तरी कर!"

"केलाय. पाच महिने. याला दुसरं उत्तर निघत नाही... तू बघ हवं तर."

आतून पंचांनी तिच्या नावाचा दुसऱ्यांदा पुकारा केला. ती गेली, चषक घेतला, टाळ्या ऐकल्या. मग बाबांच्या बाकापाशी आली. तो तिच्या शेजारी होता. तिचा एक हात चषकात गुंतलेला होता आणि दुसरा त्याच्या हातात.

बाबांनी चषकाकडे पाहिलं, मग हातांकडे, मग परत चषकाकडे.

"डाव संपून अर्धा तास झाला गं. होतीस कुठे?"

"आणखी एक खेळलो बाबा. व्हरांड्यात."

"असं?" बाबा छत्री टेकत उठले. "मग? कोण जिंकलं?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता.

"बरोबरी," ती म्हणाली.