थंड हात

मार्चमध्ये फिरत्या न्यायाधीशांची गाडी पुलावरून आत शिरली की इंग्लंडातल्या यॉर्कला जत्रेचं रूप येई. हेस्टर सुईण दरवर्षी कोर्टात जाऊन बसायची. अर्ध्या गावाला तिनेच जगात आणलं होतं, त्यातलं यंदा पिंजऱ्यात कोण उभं राहतंय हे बघायची तिला हौस.

त्या वर्षी टॅबिथा नावाची पोरकी मुलगी उभी होती. कापडाच्या दुकानातून तिने लेसची गुंडाळी झग्याखाली दडवली होती. एवढ्यासाठी फाशी. शिक्षा ऐकून ती म्हणाली, की माझ्या पोटात मूल आहे. लगेच शिपायांनी दारं लावली आणि रिवाजाप्रमाणे तिला तपासायला बघ्या बायकांतूनच बाराजणी निवडल्या. मूल हलत असेल तर फाशी बाळंतपणापर्यंत टळे, आणि एकदा टळलेली सहसा कायमची टळे. हेस्टर सुईण, म्हणून शेवटचा शब्द तिचा.

मागच्या खोलीत शेकोटी नव्हती. तुरुंगाचा ताप पसरू नये म्हणून टाकलेल्या कडू पाल्याचा वास कोंडला होता. "फाशी म्हटली की या चोरट्यांना दिवस जातात बघा," एकजण म्हणाली. सगळ्या हसल्या, हेस्टरही हसली. मग तिने तळवा पोटावर टेकला.

"मावशी, आधी हात गरम करा ना जरा," टॅबिथा म्हणाली. "झोपलंय ते."

थंड हात लागला की मूल आकसतं आणि सुईण फसते, हे हेस्टर स्वतःच हाताखालच्या बायकांना शिकवत आली होती. पण सकाळपासून तिने स्वतः काही खाल्लं नव्हतं, आणि एका चोरटीने आपल्याला शहाणपण शिकवावं याचा तिला राग आला. तिने जराही वाट पाहिली नाही. बाहेर येऊन, काही हलत नाही, असं सांगून मोकळी झाली.

टॅबिथाला शनिवारी फाशी दिली. हेस्टर तिकडे फिरकली नाही. घरी तिने पावाची कणीक फडक्याखाली फुगायला ठेवली होती. ती दाबून पाहायला तिने हात ठेवला, तर आतून हलकीशी ढुशी बसली. कणीक फुगतेच, असं म्हणून तिने पाव भाजला. खायला मात्र तिचं मन धजेना.

मग ती ढुशी उशीत आली. मग चर्चमधल्या बाकाच्या लाकडात. उजव्या तळव्यालाच, आणि हात गार असला तरच. पाचव्या महिन्यातलं मूल देतं तशी. आठवडे गेले तरी ती मोठी झाली नाही, तिथेच अडकून राहिली.

हेस्टरने बाळंतपणं सोडली. कुठलं हलणं खरं, हेच तिला कळेनासं झालं. जेवणाच्या घाईत आपण दोन जीव घालवले, हे दुःख ती कुणाला सांगू शकली नाही.

उन्हाळ्यात न्यायाधीश पुन्हा आले. या खेपेला रूथ नावाची मोलकरीण होती. मालकिणीचे चांदीचे चमचे चोरलेली, आणि पोटुशी असल्याचं सांगणारी. हेस्टर आपण होऊन पुढे झाली. तिने शेगडी मागवून हात चांगले शेकले आणि तळवा टेकला.

पोट सपाट होतं. काही हलेना.

हेस्टर थांबली. बाकीच्या कुरकुरायला लागल्या तरी तिने हात उचलला नाही. हळूहळू तो गार झाला.

तेव्हा ढुशी बसली.

ती कुणाची, हे हेस्टरने मनातही येऊ दिलं नाही. तिने शपथेवर सांगितलं, की जीव आहे.

त्या दिवसापासून तिचा हात शांत झाला. कणकेत नुसती कणीक, लाकडात नुसतं लाकूड. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि चुकल्यासारखंही.

थंडीच्या तोंडावर ती तुरुंगात रूथसाठी रस्सा घेऊन गेली. रूथ भिंतीला टेकून बसली होती. शालीखाली पोट चांगलं वर आलं होतं.

"मी खोटं बोलले होते, मावशी," ती हळूच म्हणाली. "मला पुरुषाचा हातसुद्धा लागलेला नाही. पण त्या दिवशी तुम्ही हात ठेवलात, तेव्हापासून हे आहे."

हेस्टरचा उजवा हात नकळत पुढे गेला. रूथने तो मनगटाशी धरून वरच्यावर थांबवला.

"आधी हात गरम करा ना जरा," ती म्हणाली. "झोपलंय ते."