चटईखालचा तिसरा शब्द

"चोरी झालीय," मेलिआमे म्हणाली आणि रताळ्यांची टोपली तिने टेबलावर आदळली. "आणि ही तुमची फी."

फिनाऊने टोपलीत डोकावून पाहिलं. रताळी चांगली होती, त्यामुळे प्रकरण घ्यावं असं तिचं मत लगेच झालं. फिनाऊचं किराणा दुकान होतं, एक खडखडती व्हॅन होती आणि लोसालीन व्हेआ नावाची मैत्रीण होती. लोसालीन ही नुकुअलोफा या बेटावरल्या राजधानीतली एकमेव खाजगी गुप्तहेर. एरवी ती पळालेले नवरे आणि हरवलेली डुकरं शोधायची.

"काय गेलं?" लोसालीनने विचारलं.

"आमचं न्गातू. आम्ही मुलींनी सहा महिने तुतीची साल कुटून केलेलं कापड. दिवाणखान्याएवढं नाही मावशी, अख्ख्या सभागृहाएवढं! आज दुपारी ऑकलंडहून आम्हाला पैसे देणाऱ्या काउमेआ फाउंडेशनची माणसं बघायला येतायत. कापड नसेल तर आमचा वर्ग बंद. चित्र बंद, शिष्यवृत्त्या बंद, सगळं बंद."

"कापडावर काय होतं?"

सोळा वर्षांच्या त्या मुलीने हनुवटी वर केली. "माझी आई. स्वतःच्या जमिनीवर उभी, हातात हद्दीची काठी. आजोबांची थोरली लेक ती. जमीन गेली धाकट्या मामाकडे, कायदाच तसा. लग्नात, मयतीत सगळे आईपुढे वाकतात, बहीण ना ती! मान बहिणीचा आणि माती भावाची. तेच काढलंय मी. मोठ्ठं काढलंय."

"मग न आवडणारे पुष्कळ असतील," लोसालीन म्हणाली. "फिने, व्हॅन काढ."

मुलींचा वर्ग भरायचा ते केंद्र फांगालेमा गावात चर्चच्या मागे होतं. सभागृह कुलूपबंद असायचं. किल्ल्या फक्त तिघांकडे होत्या. शनिवारी संध्याकाळी कापड घडी घालून कोपऱ्यात ठेवलेलं होतं. रविवारी गाव प्रार्थनेत आणि झोपेत. सोमवारी सकाळी कोपरा रिकामा.

आत पाहुण्यांसाठी सगळं सजवून तयार होतं. मधोमध अध्यक्षीणबाईंसाठी मोठी चटई अंथरलेली, तिच्यावर खुर्ची. फिनाऊचे पाय दुखत होते. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि चटईच्या कडेला बसकण मारली.

चर्रर्र!

"मेले!" फिनाऊ ओरडली. कमरेला गुंडाळलेली मानाची चटई तिने चाचपली. "लोसा, माझी ताओवाला तडकली! आजीची होती गं!"

"पुढच्या वेळी दोन पाव कमी खा," लोसालीन म्हणाली. तीही वाकून शेजारी टेकली आणि चटईवरून तळहात फिरवत राहिली. "किती गुळगुळीत वीण आहे, नाही?"

"माझी कंबर तडकलीय आणि तुला वीण सुचतेय."

पहिली किल्ली होती तानिया फिफिताकडे. फाउंडेशनची ही तरुण अधिकारी ऑकलंडमध्येच वाढलेली. ती धावतच आली.

"माझी नोकरी जाईल!" ती म्हणाली. "हे बघा, शनिवारी संध्याकाळी मी ऑफिसला फोटो पाठवला होता. ही मी अंथरलेली चटई, आणि मागे कोपऱ्यात कापडाची घडी. दिसतेय ना? होतं तेव्हा!"

फिनाऊने फोनमध्ये पाहिलं आणि फिस्सकन हसली. "अगं पोरी, चटई उलटी घातलीस की! खरबरीत बाजू वर. अध्यक्षीणबाईंना काय शिक्षा करायची होती का?"

तानिया कानापर्यंत लाल झाली. "उलटी? मला... चटईला उलटसुलट असतं?"

"चित्र तुम्हाला आवडलं होतं?" लोसालीनने विचारलं.

"मला भीती वाटली होती," तानिया प्रामाणिकपणे म्हणाली. "आमच्या पत्रकावर तीन शब्द आहेत: कला, शिक्षण, परिवर्तन. पहिल्या दोन शब्दांना सगळे टाळ्या वाजवतात. तिसऱ्याच्या वेळी माणसं घड्याळ बघतात."

दुसरी किल्ली पाळकसाहेबांकडे. पाळक माका व्हरांड्यात बसले होते. फणसाच्या झाडावरून पडल्यामुळे त्यांचा उजवा हात दोन आठवडे गळ्यात अडकवलेला होता, पण आवाज मात्र ठणठणीत होता.

"मला ते चित्र पसंत नाही!" ते गरजले. "काल प्रवचनात सांगितलं मी तसं, सगळ्या गावासमोर. मी चोरीबिरी करत नसतो, बाई. मला जे जाळायचं असतं ते मी चौकात जाळतो."

"एका हाताने?" लोसालीन गोड आवाजात म्हणाली.

"काडी ओढायला एक हात पुरतो!"

"बरोबर. जड घडी उचलायला मात्र पुरत नाही." तिने नमस्कारासारखी मान झुकवली आणि ती निघाली.

"हा माणूस मला आवडला," फिनाऊ पुटपुटली. "वाईट आहे, पण तोंडावर वाईट आहे."

तिसरी किल्ली कालोलाइनबाईंची. केंद्राच्या प्रमुख. केंद्राची जागा त्यांनीच गावच्या सरदारांकडून मागून घेतलेली, पहिली तुती त्यांनीच लावलेली. अंगणात त्या पाहुण्यांसाठी कंदांच्या भट्टीवर केळीची पानं पसरत होत्या. मेलिआमेचे डोळे पाणावलेले बघून त्यांनी तिला जवळ घेतलं.

"रडू नकोस गं. कुठेतरी कोरड्या जागी असेल, चुरगळलेलंही नसेल. मिळेल."

"बाई, तुम्ही सभागृहात शेवटच्या कधी गेलात?" लोसालीनने विचारलं.

"शनिवारी दुपारी. नंतर पाऊलही ठेवलं नाही. सगळी मांडामांड तानियाने केली."

"आणि सरदारसाहेब आज येणार आहेत?"

कालोलाइनबाईंच्या हातातलं पान फाटलं. "हो. जागा त्यांची आहे. यायलाच हवेत."

व्हॅनकडे परतताना फिनाऊने आपला निर्णय जाहीर केला. "तानिया. नोकरीची भीती. कापड आत्तापर्यंत ऑकलंडच्या विमानात."

"फिने, कापड कुठेही गेलेलं नाही. तू त्याच्यावर बसली होतीस."

फिनाऊने आपली ताओवाला पुन्हा चाचपली.

दुपारी पाहुणे आले. अध्यक्षीणबाई, पांढऱ्या केसांच्या, काठी टेकत, खुर्चीकडे निघाल्या. लोसालीन आडवी आली.

"क्षमा करा. तुम्ही बसण्याआधी चोरी उलगडू द्या, नाहीतर चोरीचा माल तुमच्या पायाखाली जाईल."

मागच्या भिंतीशी मुली हात धरून उभ्या होत्या.

"सकाळी माझी मैत्रीण इथे बसली आणि काहीतरी चरचरलं," लोसालीन म्हणाली. "तिला वाटलं, कमरेची चटई तडकली. पण मुरलेली जुनी चटई चरचरत नाही. चरचरतं ते नवं न्गातू, अजून वापरून मऊ न झालेलं. म्हणजे कापड बाहेर गेलंच नाही. या चटईखाली आहे."

"मग तानियाच!" मागून कुणीतरी ओरडलं. "चटई तिने घातली!"

"तिने घातली, पण उलटी. फोटो आहे. त्याच फोटोत कापड अजून कोपऱ्यात आहे. आज चटई सुलटी आहे, गुळगुळीत बाजू वर. म्हणजे फोटोनंतर कुणीतरी ती उचलली, खाली कापड पसरट घडी करून सारलं आणि पुन्हा अंथरली. चोराने चटई होती तशी ठेवायला हवी होती, पण हाताला जमलंच नाही. आपल्यातल्या कुठल्या बाईला जमेल? मानाच्या पाहुणीसाठी चटई उलटी? छे! हात आपोआप वळतात. तानियाला मुळात उलटसुलट ठाऊकच नव्हतं. पाळकसाहेबांचा एक हात गळ्यात आहे आणि कापडाची घडी दोन हातांनीही जेमतेम उचलवते. उरली तिसरी किल्ली."

ती कालोलाइनबाईंकडे वळली. आवाज खाली आला.

"बाई, कापड नको असतं तर बादलीभर पाण्याने काम झालं असतं. पण तुम्ही ते कोरडं ठेवलंत, न चुरगळता. सकाळी मेलिआमेला तेच सांगितलंत. ठेवणाऱ्यालाच हे ठाऊक असतं."

कालोलाइनबाईंनी डोळे मिटले.

"पाहुणे गेल्यावर मीच शोधून देणार होते," त्या म्हणाल्या. "सरदारांच्या जागेत, सरदारांच्या डोळ्यांदेखत, बाईच्या हातात हद्दीची काठी! त्यांनी जागा काढून घेतली तर? या मुलींना कुठे नेऊ मी? एक दुपार, फक्त एक दुपार टळायला हवी होती."

"बाई," मेलिआमे पुढे आली. "साल कुटताना तुम्हीच म्हणायचात, जोरात कुटा, गावाला ऐकू जाऊ दे. आम्ही कुटलं. गावाला ऐकू गेलं. आता दिसायची वेळ आली तर चटईखाली?"

पाळकसाहेब घसा खाकरून छताकडे बघू लागले.

अध्यक्षीणबाई खाली बघत होत्या, आपल्या पायांकडे. मग त्यांनी चपला काढल्या, काठी तानियाच्या हातात दिली आणि स्वतः खुर्ची उचलून बाजूला ठेवली.

"तीस वर्षं आम्ही ते तीन शब्द छापतोय," त्या म्हणाल्या. "तिसरा बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. पसरा."

"इथे मावणार नाही!" मेलिआमे ओरडली.

"मग दारं उघडा!"

मुली धावल्या, त्यांनी चटई गुंडाळून बाजूला केली. एक टोक मेलिआमेने धरलं. दुसरं धरायला कुणी नव्हतं. कालोलाइनबाई क्षणभर जागीच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पदरासारखी कमरेची चटई घट्ट खोचली आणि वाकून ते टोक उचललं.

घडीमागून घडी उलगडली. तपकिरी, काळं, लालसर कापड दारातून बाहेर गेलं, पायऱ्या उतरलं, अंगण ओलांडून रस्त्यावर आडवं पसरलं. बरोबर रस्त्याच्या मधोमध चित्रातली ती बाई आली, काठी रोवून उभी.

वळणावरून सरदारांची मोठी गाडी आली आणि करकचून थांबली. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

"लोसा," फिनाऊ कुजबुजली, "आता काय करायचं?"

"आपलं काम झालं. फी रताळी आहे ना? खायची."

कालोलाइनबाईंनी गाडीकडे पाहिलं. हात अजून टोकावर होता. मग त्या सावकाश खाली बसल्या, रस्त्यातच, कापडाच्या कडेला. मेलिआमे त्यांच्या शेजारी बसली. मग बाकीच्या मुली. मग अध्यक्षीणबाई, गुडघे कुरकुरवत.

हॉर्न तिसऱ्यांदा वाजला.

कालोलाइनबाईंनी चटकन पुढे वाकून चित्रातल्या बाईच्या पायाशी पडलेली एक सुरकुती तळहाताने सरळ केली.