दिनकररावांच्या मोटारीचे दिवे

सेवानिवृत्त कारकुनाला लोक आभार मानायला बोलावतात. आयुष्यभर वरिष्ठांचे आभार मानून त्याची जीभ तयार झालेली असते, शिवाय नुसत्या चहावर त्याचं भागतं. शहाऐंशी सालच्या चैत्रात परभणीला किशनरावांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये गेलो, तो याच कामासाठी.

किशनराव नुकतेच परदेशात मुलीकडे जाऊन आले होते. तिकडे लोक मैदानात मोटारी उभ्या करतात आणि आत बसूनच सिनेमा बघतात, हे त्यांनी पाहिलं. आपल्याकडच्या जुन्या मोटारींच्या शौकिनांचा मेळावा तसाच करायचा असं त्यांनी ठरवलं. पण मैदानात ऊन, म्हणून कापसाच्या रिकाम्या गोदामात. मोकळ्या हवेच्या खेळाला पत्र्याचं छप्पर घालणारा दुसरा जिल्हा नसावा. सिनेमाचं यंत्र चारठाण्याला उतरलेल्या फिरत्या तंबू-टॉकीजमधून आणलेलं. रात्री त्याला तिथे खेळ, म्हणून आमचा भर दुपारी. दारं लावून घेतली, झरोक्यांवर गोणपाट ठोकलं. आत सरकीचा, पेट्रोलचा आणि बड्या लोकांच्या अत्तराचा वास कोंडला.

पडदा गोदामाच्या मधोमध टांगला होता. अलीकडे मोटारी आणि मालक; पलीकडे, तंबूत असतात तशा, बाया आणि गडीमाणसं. त्यांनी चित्र उलट्या बाजूनं बघायचं. त्यांना सगळंच तसं बघायची सवय असते.

सर्वांत पुढे झरीच्या दिनकररावांची काळी मोटार, निजामाच्या अमदानीतली. "मूळ रंग आहे. एक ओरखडा दाखवा," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. उत्तम मोटारीचा करंडक त्यांनाच मिळणार होता. लाउडस्पीकरला बॅटरी हवी म्हटल्यावर त्यांनी आपल्या मोटारीतली काढून दिली, आणि आभारात त्याचा उल्लेख करा, असं मला बजावलं.

आश्रुबा हा गोदामाचा राखणदार. त्यानं मला दारातच गाठलं.

"साहेब, ती काळी गाडी बघितली का?"

"बघितली."

"माझी कडू तिच्याच खाली गेली. झरीच्या रस्त्याला. भर पावसात गवताचा भारा घेऊन यायली होती."

प्रकरण मला ठाऊक होतं. साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं. पंचनाम्यात मात्र आश्रुबाची बायको कडूबाई फेफरं येऊन पुलावरून पडली होती, आणि दिनकररावांची मोटार त्या दिवशी घराबाहेर निघालीच नव्हती. पंच दिनकररावांचेच सालगडी.

"मला काय बी नको," आश्रुबा म्हणाला. "त्यांनी फकस्त एकदा तोंडानं म्हणावं, व्हय, माझ्या गाडीखाली गेली. लोक तिला फेफऱ्याची म्हणत्यात. तिला काय बी नव्हतं, साहेब. लय धडधाकट होती."

मी सरळ दिनकररावांकडे जाऊन हे त्यांच्या कानावर घातलं. ते पानाला चुना लावत होते.

"तुम्हाला आभाराला बोलावलंय, साहेब. फिर्याद मांडायला नाही."

भोवतालचे हसले. किशनराव माझा हात दाबत म्हणाले, "आज नको हो. चांगला दिवस आहे." बाई मेली हे कबूल करायलाही या लोकांना मुहूर्त लागतो. माझं डोकं असं तापलं की चहासुद्धा तसाच ठेवला.

खेळ सुरू झाला. देवादिकांचा चित्रपट होता. यंत्र एकच, त्यामुळे रीळ संपलं की अंधार. आणि त्या अंधारात सर्वांनी हॉर्न वाजवायचे, अशी शौकिनांनी गंमत ठरवली होती. पहिलं रीळ संपलं. पत्र्याखाली कान फुटतील असा गलका झाला... आणि एकेक हॉर्न गप्प होत गेला.

काळ्या मोटारीचे दिवे लागले होते.

पिवळट, मळके दिवे, पाऊस मध्ये असावा तसे. पडद्यावर एका बाईची सावली पडली. डोक्यावर भारा, एक हात भाऱ्याला, दुसऱ्या हातानं लुगडं वर धरलेलं. सावली चालत होती आणि मोठी होत होती. म्हणजे जी कोणी होती ती दिव्यांकडे येत होती. मी पडदा आणि मोटार यांच्यामधल्या जागेकडे पाहिलं. तिथे नुसती फरशी होती.

"दिनकरराव, दिवे बंद करा," कोणीतरी हळूच म्हणालं.

"कसे करू?" आतून आवाज आला. "बॅटरी... बॅटरी तर सितारामकडं आहे."

यंत्रवाला सिताराम मागे उभा होता. बॅटरी त्याच्या पायाशी होती. तो तिच्याकडे बघत होता, आणि हळूहळू तिच्यापासून दूर सरकत होता.

सावली छपरापर्यंत पोचली. तेवढ्यात पडद्याच्या पलीकडून आश्रुबा ओरडला,

"कडू, सरक! अगं सरक, गाडी यायलीय!"

धप्प. ओल्या पोत्यासारखा आवाज. काळी मोटार जागच्या जागी हलली.

मग, सगळ्यांना ऐकू जाईल असं, दिनकरराव बोलले. चिडून बोलले, अगदी जागा अडवणाऱ्या माणसावर चिडावं तसं.

"मी हॉर्न वाजवला होता! वाजवला होता की... तीच सरकली नाही!"

दिवे विझले. कोणीतरी दारं उघडली. उन्हात सगळे एकमेकांचे चेहरे टाळू लागले. "जनरेटरचा दोष असणार," किशनराव म्हणाले, आणि त्या बड्या मंडळींनी ते लगेच मान्य केलं. करंडकही ठरल्याप्रमाणे दिनकररावांनाच दिला. मडगार्डवर खरोखरच एकही ओरखडा नव्हता.

मी आभाराला उभा राहिलो. यजमानांचे मानले, सितारामचे मानले. मग म्हणालो, "श्री. दिनकररावांनी बॅटरी दिली, आणि कडूबाई गाडीसमोर आली तेव्हा आपण हॉर्न वाजवला होता हे सर्वांसमक्ष सांगितलं, याबद्दल मंडळ त्यांचं ऋणी आहे." टाळ्या पडद्यापलीकडून आल्या. अलीकडून एकही नाही.

बाहेर पडताना पाहिलं, आश्रुबा काळ्या मोटारीपाशी वाकला होता. डाव्या दिव्यामागे बोटं घालून तो काहीतरी ओढत होता. निघाली ती हिरव्या गवताची पेंडी. आजूबाजूला मैलोन्‌मैल करपलेली ढेकळं.

त्यानं ती छातीशी धरली. पेंडीतून पाणी गळत होतं.

"आत अजून हाय, साहेब," तो म्हणाला. "आख्खा भारा हाय. कुणी तरी पलीकडून धरून ठिवलाय."