बोटभर जास्त पाणी

काटेसाहेबांचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तीस वर्षं दुकानादुकानांतून वजनकाटे तपासले, त्यातून पडलेलं. माणूस दिसला की पहिला विचार हाच, की हा मापात कुठे मारतोय. तेव्हा बाथरूमचं काम त्यांनी गवंड्याला दिलं असतं तरच नवल.

जुना बाथटब काढायचा, त्या जागी शॉवर करायचा, भिंतींना आणि जमिनीला टाइल्स, बसायला एक कट्टा. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि टबच्या काठावरून पाय टाकणं तिला आता जन्मात जमणार नव्हतं. तीन महिने साहेब तिला खाटेवरच ओल्या फडक्यानं पुसत होते, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. लेकीनं फोनवर बजावलं होतं, "बाबा, महिन्याभरात आईची सोय झाली नाही तर मी तिला इकडे घेऊन येणार." लेक बोलली की करणार. मग या घरात आपण आणि भिंतीवरचं घड्याळ, दोघंच उरणार, हे साहेब पुरतं ओळखून होते.

टब सुखासुखी निघेना, म्हणून घणानं फोडला. जमिनीला उतार दिला, पाणी झिरपू नये म्हणून लेपाचे दोन हात मारले आणि टाइल्स लावण्याआधीची परीक्षा घेतली. पाणी जायच्या भोकात रबरी बूच ठोकलं, चार बोटं पाणी भरलं आणि पातळीवर भिंतीला पेन्सिलीची बारीक रेघ ओढली. आता दिवसभर थांबायचं. पाणी रेघेखाली गेलं तर समजायचं, गळतंय.

दुपारी जेवून साहेब बघायला गेले. पाणी रेघेच्या वर होतं. चांगलं बोटभर.

नळ कोरडा ठणठणीत होता. साहेबांनी तिथूनच हाक दिली, "अगं, तू पाणी ओतलंस का आत?"

"मला उठून खिडकी लावता येत नाही, आणि बादल्या कुठल्या ओततेय मी?"

ते वळून पाहतात तो पाणी बरोबर रेघेवर. दुकानदारही असंच करायचे, साहेब दारात दिसले की काटा सरळ. साहेबांना आता चेव चढला. घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, बाथरूमला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि दारासमोर खुर्ची टाकून बसले. बायको समोरच खाटेवर, नजरेच्या टप्प्यात. चार वाजता कुलूप काढलं.

पाणी पुन्हा वर. या वेळी ते जागचे हलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांदेखत ते सावकाश उतरत गेलं, रेघेला टेकलं आणि थांबलं. लाट नाही, आवाज नाही. ओल्या सिमेंटचा वास तेवढा कोंडलेला.

तपासनीस तो तपासनीसच. पायजम्यासकट साहेब त्या पाण्यात मांडी घालून बसले. पाणी चढलं, बोटभर. उठले, पाणी रेघेवर आलं. माणूस बसला की चढतं तेवढंच ते दर वेळी चढत होतं. साहेबांची पाचावर धारण बसली.

मग त्यांना टब आठवला. जमिनीवर पाणी सांडलेलं दिसलं की ते बायकोवर खेकसायचे, आणि ती म्हणायची, "मी अर्धाच भरते हो. बसले की सांडतो, त्याला मी काय करू?" आठ वर्षं त्यांनी तिलाच खोटं पाडलं होतं. त्यांना मनापासून लाज वाटली, पण लाजेहून भीती मोठी होती.

"गळतंय का हो?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग तोंड का असं?"

"दमलोय..."

सांगून करणार काय? टबाचे तुकडे फाटकाबाहेर पडलेले, महिना सरत आलेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. त्यांनी बूच काढलं, पाणी सोडून दिलं आणि सहा दिवस रेडिओ मोठ्यानं लावून टाइल्स बसवल्या. काहीएक झालं नाही. त्यानंच त्यांचा जीव खालीवर होई. पाणी होतं तोवर निदान कळत तरी होतं. आता आत कुणी आहे की नाही, हे मापायला हाताशी काहीच उरलं नव्हतं.

रविवारी सकाळी लख्ख ऊन होतं. बायको वॉकर टेकत बाथरूमच्या दाराशी आली.

"मी येतो आत," साहेब म्हणाले.

"काही नको. तीन महिने झाले, आता माझी मला सुखानं अंघोळ करू द्या." ती हसली. किती दिवसांनी हसली ती. साहेबांच्यानं नाही म्हणवेना.

दार लोटलं गेलं. वॉकरची टकटक कट्ट्यापाशी थांबली. ती बसली असावी, कारण समाधानाचा एक लांब श्वास ऐकू आला.

"अहो..."

"काय गं?"

"कट्ट्यात काही बसवलंय का तुम्ही? गार लागेल म्हणून भीत होते मी. केवढा ऊबदार आहे... आणि तिकडे कोपऱ्यात हात लावला, तर तिथे याहून जास्त."

मग तिनं शॉवर सोडला, आणि पाण्याच्या आवाजात ती पुढे काय बोलत होती ते साहेबांना ऐकू आलं नाही.