समुद्राकडून दुसरा मजला

मी दार उघडलं तेव्हा तो स्टुलावर चढून खिडकीच्या बिजागरीला तेल लावत होता. आणि माझ्या तोंडून पाठ केलेलं वाक्य सुटून गेलं होतं, "या बाई, घर रिकामंच आहे, निवांत बघा."

तो वळला. एका हातात तेलाची बाटली, खांद्यावर फडकं, केसांत रंगाचे पोपडे. घर काही रिकामं नव्हतं.

चूक सर्वस्वी माझी. घरांच्या एजन्सीत मी नवी होते आणि मागे उभ्या असलेल्या बाई, म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका, हे माझं पहिलंच गिऱ्हाईक. आमचं जुनं शहर समुद्रावरून टेकडीच्या अंगावर चढत गेलेलं, त्यामुळे बहुतेक इमारतींना दोन दारं. एक खाली धक्क्याच्या रस्त्यावर, दुसरं पार वरच्या गल्लीत. मजले मोजायचे ते समुद्राकडून, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. दाखवायचं घर दुसऱ्या मजल्यावरचं. मी मात्र बाईंना वरच्या गल्लीतून आत आणलं आणि तिथून पुढे दोन मजले चढवले. किल्ली लागली म्हणून शंकाही आली नाही. काटकसरी मालकाने सगळ्या दारांना एकाच साच्याची कुलपं बसवली होती, हे मला नंतर कळलं.

तो ओरडला असता तरी मी काही म्हटलं नसतं. पण त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, माझा उडालेला रंग पाहिला आणि शांतपणे स्टुलावरून उतरला.

"या ना... मी घर दाखवायलाच थांबलो होतो."

तो आवाज ऐकला आणि मी चमकलेच. फेरीबोट कुठल्या धक्क्यावर लागणार, कुठली उशिरा येणार, हे साऱ्या बंदराला सांगणारा हाच तो आवाज. रोज सकाळी बसची वाट बघताना मी तो ऐकत असे आणि, खरं सांगायचं तर, कधीकधी बसही सोडत असे. आज त्या आवाजाला चेहरा मिळाला. चेहऱ्याने अजिबात निराशा केली नाही.

आणि मग तो सुटलाच. दगडी भिंतींमुळे दुपारीही खोल्या कशा गार राहतात, सकाळचं ऊन फरशीवरून सरकत स्वयंपाकघरापर्यंत कसं येतं, कपडे कुठल्या खिडकीत झटकन वाळतात... बोलायचा बाईंशी, बघायचा माझ्याकडे. बाईंनी नळ सोडून पाहिले, भिंतींवर टिचक्या मारल्या आणि समाधानाने हुंकार भरला. निघताना तो माझ्या कानाशी कुजबुजला, "तुमचं घर खाली आहे. गल्लीच्या दाराला लागून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही रडाल असं वाटलं. आणि... अजून थोडा वेळ थांबाल, असंही वाटलं."

कान गरम झालेल्या अवस्थेतच मी बाईंना खालचं खरं घर दाखवलं. दार ढकलताच ओलीचा भपकारा आला. भिंतींचे पापुद्रे सुटलेले, खिडक्यांच्या झडपा फुगून बसलेल्या. बाईंनी पदर नाकाला लावला. "हे नको. मला वरचंच हवं."

मालक कुठलंही घर विकायला एका पायावर तयार होता. बाईंना ते घर आठवड्याच्या बोलीवर पाहुण्यांना भाड्याने द्यायचं होतं, आणि त्यासाठी ते रिकामं हवं होतं. म्हणजे माझी लाज राखायला गेलेल्या त्या भाडेकरूने स्वतःच्याच हाताने स्वतःला घराबाहेर काढलं होतं.

हे सांगायला मी धक्क्यावर, तो जिथून सूचना देतो त्या खोलीत गेले. बंदरातली माणसं त्याला भोंगा म्हणतात, हे तिथे समजलं. आधी तो पोटभर हसला. मग नखातला रंग कोरू लागला. त्या घराच्या झडपा त्याने स्वतः खरवडून रंगवल्या होत्या. तिथून बाहेर पडायचं म्हणजे काय, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तरी म्हणाला, "विकून टाका. तुमचा पहिला सौदा आहे ना?"

मला त्याचा भयंकर राग आला. इतकं चांगलं वागायचं काही नडलं होतं का?

व्यवहाराआधी खोल्यांची मापं घ्यायची असतात. ते अर्ध्या तासाचं काम मी कितीतरी दुपारी पुरवून पुरवून केलं. टेपचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या.

"ही भिंत काल मोजली होती," तो म्हणायचा.

"खात्री करावी लागते."

"आज लांबली का?"

"तुम्ही टेप नीट धरत नाही... म्हणून."

"मग धरायला शिकवा."

बाहेर भुरभुर पाऊस असला की तो झडपा ओढून घ्यायचा आणि उघडीप झाली की बिजागऱ्यांवरचं मीठ ओल्या फडक्याने पुसायचा. खारी हवा घर खाते, रोज हात फिरवावा लागतो, म्हणायचा. एकदा फडकं माझ्या हातात देताना त्याची बोटं तिथेच राहिली. त्याने ती काढली नाहीत, मीही नाही. कधी अहोजाहो सुटलं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. मी त्याच्या प्रेमात पडले होते, आणि ज्याच्या प्रेमात पडले त्याचंच घर विकत होते.

सौदा पक्का करायच्या दिवशी बाई पुन्हा वर आल्या. गिऱ्हाइकासमोर घराबद्दल वावगा शब्द काढायचा नाही, अशी आमच्या साहेबांची सक्त ताकीद होती. मी दीर्घ श्वास घेतला.

"बाई, हे घर घ्या... पण यांना काढू नका. खालचं घर आणि हे, दोन्ही एकाच दिवशी बांधलेली. भिंती त्याच, खिडक्या त्याच. खालचं बंद राहिलं आणि कुजलं. हे टिकलं, कारण इथे रोज कुणीतरी झडपा उघडतं, मीठ पुसतं. आठवड्याचे पाहुणे ते करणार नाहीत. तुम्हाला जे आवडलंय ना, ते घर नाही. तो राहणारा माणूस आहे."

"मला आवडलाय?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

मी जमिनीकडे बघू लागले.

बाई खुर्ची ओढून बसल्या आणि त्याची उलटतपासणी सुरू झाली. नोकरी कायमची आहे का, घरात कोण येतं जातं. सगळं मनासारखं निघालं, तरी त्यांनी मान हलवली. "एकट्या माणसाचा भरवसा नाही. उद्या लग्न होईल, बायकोला घर पसंत पडणार नाही, की निघाला हा सामान घेऊन."

"तिला पसंत आहे," तो म्हणाला.

"कुणाला?"

साऱ्या बंदराला खणखणीत सूचना देणारा माणूस चाचरला. "म्हणजे... तिला अजून विचारलेलं नाही. पण एक भिंत मोजायला ती चार दुपारी येते... त्यावरून अंदाज केला."

बाई माझ्याकडे वळल्या. शाळेत कुणाच्या तरी हातून फळ्यावर काही भलतं लिहिलं गेलं की त्या अशाच बघत असाव्यात.

"घर दाखवणारी तू. तूच सांग. हा इथे टिकून राहील?"

माझा पहिला सौदा, नोकरी, साहेबांची ताकीद, सगळं त्या एका उत्तरावर अडलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो श्वास रोखून उभा होता.

"राहील, बाई," मी म्हणाले. "आणि... मीपण."