लोखंडी साचा

बलभीम ओताऱ्यानं थोरली लेक सत्यभामा बिजवराला दिली, ते साल निजामी राज्यातलं फसली तेराशे पंचावन्न, म्हणजे इसवी एकोणीसशे शेहेचाळीसच्या सुमाराचं. जावई उत्तरेश्वर कळंबचा. पहिली बायको बाळंतपणात गेलेली. अशा लग्नात मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक नव्या नवरीच्या गळ्यात बांधतात, म्हणजे ती कोपत नाही. तुळजापुरात असे टाक बलभीम ओतायचा.

बाकीचे ओतारी मातीचा साचा करून फोडत. बलभीम तरुणपणी हैदराबादेत छापखान्याचे खिळे ओतायला होता. तिथलं बघून त्यानं दोन भागांचा लोखंडी साचा कोरला. शंभर टाक ओतले तरी चेहरा एकच, कुणाचाच नाही असा.

लेकीसाठी ओतलेल्या टाकाचा डावा कान फाटका निघाला.

"हवा अडकली असंल," तो म्हणाला. त्यानं साच्यातली हवेची वाट रुंद केली, आतून काजळी धरली, पुन्हा ओतलं. कान तसाच. फाटक्या जागी साच्यात उंचवटा हवा होता. बोट फिरवलं, तर लोखंड गुळगुळीत.

"आपल्या सत्याचाच कान की हो," बायको गिरिजाबाई म्हणाली. लहानपणी डूल पाळण्याच्या दोरीत अडकून सत्यभामेचा कान फाटला होता.

"गप बस. लोखंडाला काय ठावं?"

सत्यभामा हसली. "असू द्या आबा. सवत माझ्यावाणी असली तर भांडण तरी न्हाय व्हायचं."

त्यानं डाग देऊन टाकाचा कान सांधला. लग्न लागलं.

पुढच्या फाल्गुनात उत्तरेश्वर दारात आला. सत्यभामेला जाऊन दोन महिने झाले होते.

"मामा, टाक पायजे. तिचा."

लेकीचा कान तेवढा तरी पुन्हा हाताला लागेल, म्हणून बलभीमनं भट्टी पेटवली.

चांदी निवली. साचा उघडला.

कान धड होता.

हनुवटीवर ज्वारीएवढा दाणा होता. साच्यात सुई फिरवली. खड्डा नव्हता.

"पाव्हणं, नव्या पोरीच्या हनुवटीवर काय हाय?"

"मोठा तीळ हाय. तुमाला कुणी सांगितलं?"

"लगीन मोडा."

"अक्षता वाटून झाल्या, मामा."

बलभीमनं टाक दिला नाही. साचा विहिरीत टाकला. उत्तरेश्वरानं शेजारच्या ओताऱ्याकडून मातीच्या साच्यात टाक करून घेतला. त्याच्याही हनुवटीवर दाणा होता.

सत्यभामा फसली तेराशे छप्पनच्या पौषात वारली. उत्तरेश्वराची नवी बायको प्रेमाबाई सत्तावन्नच्या श्रावणात.