कोबाल्टचा धाकटा ओ

"अहो, तुम्ही माझ्या प्रयोगशाळेत विषारी वायू सोडलाय."

आवाज खालून आला. ती शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होती, एका हातात निळ्या रंगाचा डबा, दुसऱ्यात ब्रश. शाळेला सुट्टी लागली आहे, इमारतीत चिटपाखरूही नाही, असं शाळेच्या शिपाई मावशींनी सकाळीच सांगितलं होतं. त्यामुळे ती अशी दचकली की ब्रशवरचा टपोरा थेंब थेट खालच्या माणसाच्या चष्म्यावर पडला.

"सॉरी," ती म्हणाली. "पण वायू कसला? ऑइल पेंट आहे, थोडा वास येणारच."

"वासाचं नाही म्हणत मी." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. आता चष्मा आणि शर्ट दोन्ही निळे झाले. "तुमच्या समोरचा चौकोन बघा. तिथे कोबाल्ट हवा. तुम्ही C आणि O, दोन्ही अक्षरं मोठी काढलीत. असं लिहिलं की ते कार्बन मोनॉक्साइड होतं. बंद खोलीत माणूस झोपेतच जातो त्याने."

"एका अक्षराच्या उंचीने?"

"हो. दुसरं अक्षर धाकटं असलं की दोघं मिळून एकच मूलद्रव्य. दोन्ही मोठी म्हणजे दोन वेगळी मूलद्रव्यं, एकमेकांना जोडलेली. संयुग."

तिने मुकाट्याने ओ पुसला आणि धाकटा काढला. तो रसायनशास्त्राचा शिक्षक होता, कपाटात विसरलेला जेवणाचा डबा न्यायला आला होता. डबा काखोटीला मारून तो दुपारभर शिडी धरून उभा राहिला. शिडी अजिबात हलत नव्हती... हे तिने त्याला सांगितलं नाही.

तिचे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवत. आता त्यांचा हात थरथरायचा, म्हणून ब्रश तिच्याकडे आला होता. भिंतभर आवर्तसारणी काढायचं काम मुख्याध्यापकांनी दिलं, तेव्हा ती मनातून चरकली होती. दहावीत तिचा विज्ञानाचा विषय राहिला होता, आणि तेव्हापासून तिने त्या वाटेला जाणंच सोडलं होतं. तक्त्यावरची अक्षरं ती रांगोळीच्या ठिपक्यांसारखी नुसती उतरवत होती.

दुसऱ्या दिवशी सर पुन्हा हजर. जुना शर्ट घालून.

"आज काय विसरलात?" तिने वरूनच विचारलं.

"काही नाही. म्हटलं, आणखी कुणाचा जीव जायला नको."

"मग वर बघत बसण्यापेक्षा सांगा, सोडियमला S सोडून Na कशाला?"

"S गंधकाने आधीच पटकावलाय. आणि सोडियमचं लॅटिन नाव नेट्रियम. त्याचं Na."

"म्हणजे बाहेर एक नाव आणि घरात दुसरं. माझ्यासारखं. मला घरी चिमी म्हणतात." बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

सर हसले. मग घसा खाकरून म्हणाले, "हा सोडियम पाण्यात टाकला की पेटतो. त्याच ओळीच्या दुसऱ्या टोकाकडचा क्लोरीन श्वास कोंडवतो. पण दोघं एकत्र आले की—"

"मीठ. दर वर्षी प्रत्येक वर्गाला सांगत असाल ना हे, असंच खालच्या आवाजात?"

त्यांचे कान लाल झाले. "खालच्या आवाजात नाही," ते म्हणाले.

त्यानंतर मात्र त्यांनी गोड बोलायचा नाद सोडला आणि नीट शिकवू लागले. तिच्याच पिशवीतला डबा उचलून विचारलं, "हे काय?"

"रेड ऑक्साइड. लोखंडी गजांना रंगाआधी हाच हात देतात. गंज लागू नये म्हणून."

"Fe म्हणजे लोखंड. O म्हणजे ऑक्सिजन. Fe₂O₃. लोखंडाचे दोन अणू, ऑक्सिजनचे तीन. गंजातही मुख्यतः हेच असतं, पाणी धरून बसलेलं."

ती शिडीवरून दोन पायऱ्या खाली आली. "म्हणजे मी इतकी वर्षं गंज लागू नये म्हणून गंजच फासतेय?"

"तसंच म्हणायचं."

ती इतकी हसली की मावशी दारात डोकावल्या. जाताना तिच्या कानाशी लागून म्हणाल्या, "पोरी, ह्या सरांना मुलं आर्गॉन म्हणतात. कुणात मिसळत नाहीत म्हणून. आज दात दिसले त्यांचे."

भिंत संपत आली. ती शेवटच्या ओळीला उगाचच दोन हात जास्त देऊ लागली. दरम्यान सगळं बोलून झालं होतं. तिला चित्रकलेची शिक्षिका व्हायचं होतं. तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा, लांबच्या शहरात, आणि दहावी पास असल्याशिवाय प्रवेश नाही. अडलं होतं ते एका विज्ञानावर.

"मी शिकवतो," सर लगेच म्हणाले. मग चाचरत, "म्हणजे... तुमच्या बाबांची हरकत नसेल तर."

शाळा सुरू झाली. रोज मुलं घरी गेली की ती प्रयोगशाळेत यायची. मावशी बाहेर व्हरांड्यात तांदूळ निवडत बसायच्या. खिडकीतून पावसाची झड यायची, वह्या सरकवताना बोटाला बोट लागायचं, आणि दोघंही एकदम संयुजेबद्दल बोलू लागायची. कॅल्शियमचे दोन हात, क्लोरीनचा एक, म्हणून कॅल्शियमला दोन क्लोरीन लागतात. तिला हे हात फार आवडले. दोन आठवड्यांत ती सूत्रं पाट्यांवरच्या नावांसारखी झरझर लिहू लागली.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सरांनी सरावाला पेपर दिला. तपासताना त्यांचा लाल पेन थबकला. कॅल्शियम क्लोराइड तिने CaCl लिहिलं होतं. लोखंडाची संज्ञा I. पाणी HO.

त्यांनी पेन खाली ठेवला. "I म्हणजे आयोडीन. ते चौकोन तुम्ही स्वतः रंगवलेत, तुमच्या पाठीमागे आहेत. आणि पाणी चुकायला तर विशेष मेहनत घ्यावी लागते."

ती टेबलाची कड नखाने खरवडत राहिली.

"मुद्दाम चुकलात ना? का?"

तिने पेपर उलटा करून ठेवला.

"पास झाले तर जावं लागेल," ती म्हणाली. "नापास झाले तर... पुढच्या परीक्षेपर्यंत शिकवणी चालू राहील."

सर खुर्चीतून उठले, खिडकीशी गेले, परत आले. प्रयोगशाळेच्या बाहेर आयुष्यात त्यांना कधी काय करावं हे पटकन सुचलं नव्हतं.

"मलाही तेच हवंय," ते शेवटी म्हणाले. "रोज शाळा सुटायची वाट बघतो मी. तुम्ही शिडीवर होतात तेव्हापासून. पण तुम्ही माझ्यासाठी नापास झालात, तर मला आरशात तोंड बघवणार नाही. हा पेपर पुन्हा सोडवा. आत्ता, माझ्यासमोर."

तिने डोळे पुसले आणि नवा कागद ओढला. एकही चूक झाली नाही. सरांनी शेवटच्या उत्तरावर बरोबरची खूण केली आणि पेपर घडी घालून खिशात ठेवला.

निकाल लागला त्या दिवशी सर पहिल्यांदाच तिच्या घरी आले. बाबांनी खुर्ची दिली, ती चहा करायला आत गेली. पडद्याआडून सगळं ऐकू येत होतं.

"फार उपकार झाले तुमचे," बाबा म्हणत होते. "पोरगी सुटली. आता तुम्हाला शाळा सुटल्यावर थांबायचा त्रास नाही. काम संपलं."

"संपलं नाही," सर म्हणाले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तिला वाटलं, आता हा माणूस नमस्कार करून निघून जाणार. "मला तिच्याशी लग्न करायचंय. आधी तिचं शिक्षण होऊ दे, दोन वर्षं. ती हो म्हणाली तर. आणि तुम्ही."

बाबांनी कप शोधायला हात पुढे केला, कप अजून आलाच नव्हता. "मला काय विचारता," ते म्हणाले. "चहा उकळून उकळून आटला तरी बाहेर येत नाहीये, यावरून काय ते ओळखा. चिमे, बाहेर ये."

ती आली. हातात चहाचा ट्रे होता. तिने ट्रे ठेवला आणि सरांकडे न बघता म्हणाली, "दर रविवारी यावं लागेल. सहा तासांचा प्रवास आहे. पहिली गाडी पहाटे सुटते, आणि मी स्टेशनवर ताटकळत उभी राहणार नाही."

"तुला ताटकळू देणार नाही."

तिने मान वर केली.

"काय म्हणालात?"

"ताटकळू देणार नाही."

"त्याच्या आधीचं."

सरांनी बाबांकडे पाहिलं. बाबा गुमान खिडकीबाहेर बघू लागले होते.

"तुला," सर म्हणाले.